चौसष्टावी जागा: एफए कप 1999-2000 चं प्रकरण

इंग्लंडच्या एफए कपच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेच्या (एफए) बाद स्पर्धेच्या, तिसऱ्या फेरीला 64 संघ लागतात. प्रीमियर लीगचे 20 आणि तेव्हाच्या फर्स्ट डिव्हिजनचे, म्हणजे दुसऱ्या पायरीवरचे, 24 असे 44 संघ याच फेरीत पहिल्यांदा उतरतात. उरलेल्या 20 जागा खालून लढत आलेल्यांच्या. पहिल्या फेरीत 80 संघ, त्यातून 40, दुसऱ्या फेरीतून 20. मग 64, 32, 16, 8, 4, 2. शंभर वर्षांहून जुन्या स्पर्धेचा हा सगळा डोलारा निम्मे करत जाण्यावर उभा आहे. 1999-2000 च्या हंगामात या साखळीतला एक संघ गळाला, तोही साधासुधा नाही. गतविजेता मँचेस्टर युनायटेड.

1999 च्या मे महिन्यात युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही किताब एका हंगामात जिंकले. युरोपचा विजेता म्हणून जानेवारी 2000 मध्ये ब्राझीलला होणाऱ्या फिफाच्या पहिल्या क्लब विश्वचषकाचं निमंत्रण आलं. इंग्लंडला 2006 चा विश्वचषक आपल्याकडे हवा होता, फिफाला नाराज करण्याची कोणाचीच तयारी नव्हती. त्यामुळे सरकार आणि खुद्द एफए, दोघांचाही कल युनायटेडने ब्राझीलला जावं असाच होता. एवढे सामने एका हंगामात बसत नाहीत असं म्हणत जून 1999 अखेरीस क्लबने कपमधून माघार घेतली. नुसत्या फुटबॉलच्या निकषावर कोणताही आयोजक गतविजेत्याला असं सोडून देणार नाही.

निर्णय चुकला की बरोबर, यावर इंग्लंडमध्ये आजही हमरीतुमरी होते. आयोजनाच्या अंगाने पाहिलं तर त्याहून कामाची गोष्ट वेगळी आहे. या एकाच हंगामात इंग्लिश कप स्पर्धांमध्ये तीन निरनिराळी भगदाडं पडली. एक पाच महिने आधी कळलं, एक सामना संपल्यावर, आणि एक सामना चालू असताना शेवटच्या मिनिटांत. दुरुस्ती किती सोपी गेली हे भगदाड किती मोठं होतं यावर ठरलं नाही. ते किती आधी कळलं यावर ठरलं.

63 चं काय करायचं

युनायटेड गेल्यावर उरले 43 अधिक 20, म्हणजे 63. आयोजकापुढे चार वाटा होत्या.

पहिली, एका संघाला पुढे चाल द्यायची. 62 संघांचे 31 सामने, एक संघ न खेळता चौथ्या फेरीत, एकूण 32. गणित चोख बसतं. आपल्याकडे मुंबईत किंवा कोल्हापुरात ऐनवेळी संघ आला नाही की हेच होतं आणि कोणी फारसं मनावर घेत नाही. पण एफए कपची तिसरी फेरी म्हणजे लहान क्लबांची वर्षाची कमाई. तिकिटांच्या पैशात पाहुण्या संघालाही वाटा मिळतो, म्हणून चौथ्या पायरीवरच्या क्लबला मोठ्या मैदानावरचा एक सामना मिळाला तरी हिशेब सुधारतो. पुढे चाल दिली की एक सामना बुडतो, त्याची तिकिटं बुडतात, आणि चिठ्ठीत शेवटी उरलेल्या कोणालातरी काहीही न करता शेवटच्या 32 मध्ये जागा मिळते.

दुसरी वाट वरवर सगळ्यांत सोयीची वाटते: युनायटेडला ब्राझीलहून परत येऊ द्या आणि चौथ्या फेरीपासून खेळवा. कागद-पेन्सिल घेऊन बसलं की ती लगेच कोसळते. चौथ्या फेरीला 32 हवेत. त्यातली एक जागा युनायटेडची, म्हणजे बाकीच्यांतून 31 विजेते हवेत, म्हणजे तिसऱ्या फेरीत 62 संघ हवेत. आहेत 63. एकाला घरी पाठवा, नाहीतर दोघांचा एक जादा सामना मध्ये घुसवा. पाचव्या फेरीपासून घ्यायचं म्हटलं तर आणखी पंचाईत: तिथे 15 जागांसाठी तिसऱ्या फेरीत 60 संघ लागतील, म्हणजे तिघे जास्त. मोठ्या संघाला उशिरा प्रवेश देणं म्हणजे त्यालाच पुढे चाल देणं, आणि त्याची किंमत तळातल्या कोणीतरी मोजायची.

तिसरी, युनायटेडने मुख्य संघ ब्राझीलला पाठवावा आणि कपमध्ये पोरांचा संघ उतरवावा. गणिताची अडचण नाही, पण कपमध्ये पूर्ण ताकदीने उतरायचं ही अपेक्षा गतविजेत्यासाठी बाजूला ठेवली तर उद्या बाकीच्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

चौथी वाट एफएने धरली: दुसऱ्या फेरीत हरलेल्या 20 संघांतून चिठ्ठी काढून एकाला परत घ्यायचं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला ‘लकी लूझर’ म्हटलं, आणि तेच नाव चिकटलं.

हरलेला निवडायचा कसा

हा भाग बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण नियम लिहिणारे नेमके इथेच घसरतात. हरलेल्यांतला ‘सर्वोत्तम’ निवडावा असं कोणालाही पटकन सुचेल. कमी फरकाने हरला तो घ्या, किंवा लीगमध्ये वर आहे तो घ्या.

कमी फरकाचा नियम केला तर काय होतं? 80 व्या मिनिटाला 0-1 ने मागे असलेला संघ बरोबरीसाठी पुढे धावायच्या ऐवजी मागे बसून राहतो. दुसरा गोल खाल्ला तर ‘सर्वोत्तम हरलेला’ होण्याची आशा जाते, न खाल्ला तर ती शाबूत राहते. बाद पद्धतीचा जीव ज्यात आहे, ती शेवटच्या दहा मिनिटांची धडपडच त्याने संपते. लीगमधला क्रम धरला तर लीगबाहेरून, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांच्या खालून, आलेल्या संघांना आधीच दार बंद. शिवाय सगळे सामने सारखे नसतात. कोणी घरच्या मैदानावर हरलं, कोणी परक्या, कोणी फेरसामन्यात.

चिठ्ठीत यातलं काही नाही. जिंकणाऱ्याला पुढची फेरी शंभर टक्के, हरणाऱ्याला 20 त 1, म्हणजे पाच टक्के. 0-1 ने हरा की 0-5 ने, संधी तेवढीच. त्यामुळे दुसऱ्या फेरीतल्या एकाही संघाने खेळाची पद्धत बदलण्याचं कारण उरत नाही. निवडीचा नियम जितका ‘न्याय्य’ करायला जावं तितका तो आधीच्या फेरीत नाक खुपसतो. चिठ्ठी आंधळी असते, आणि इथे आंधळीच हवी.

व्यवहारात आणखी एक गाठ आहे. त्या काळी दुसऱ्या फेरीतला सामना बरोबरीत सुटला तर पाहुण्यांच्या जागी नेऊन फेरसामना व्हायचा, तिथेही बरोबरी झाली तर जादा वेळ आणि टायब्रेकर (पेनल्टी फटके). म्हणजे 20 हरलेले कोण, हे शेवटचा फेरसामना संपेपर्यंत पक्कं होत नाही. अशा वेळी पुढच्या फेरीच्या सोडतीत ‘हरलेल्यांतून निवडलेला’ हीसुद्धा एक स्वतंत्र जागा धरावी लागते. या संघाला कोणतंही मानांकन नाही, खास घरचं मैदान नाही, 64 गोळ्यांतला तो एक गोळा. शिवाय खेळाडूंची कार्डं, निलंबनं, दुसऱ्या क्लबकडून याच कपमध्ये खेळून आलेल्याला बंदी, हे सगळं संघ बाद झालाच नव्हता असं समजून पुढे चालू धरायचं. छोट्या स्पर्धांच्या नियमावलीत हे वाक्य हमखास राहून जातं आणि मग सामन्याच्या सकाळी वाद होतो.

चिठ्ठी निघाली डार्लिंग्टनची. तेव्हाच्या थर्ड डिव्हिजनमधला, म्हणजे वरून मोजलं तर चौथ्या पायरीवरचा क्लब. त्याला दुसऱ्या फेरीत जिलिंगहॅमने हरवलं होतं. गंमत अशी की जिलिंगहॅमही तिसऱ्या फेरीत होता, म्हणजे हरवणारा आणि हरलेला एकाच सोडतीत आणि पुन्हा गाठ पडण्याची शक्यता शिल्लक. तशी ती पडली नाही. डार्लिंग्टनला मिळाला अ‍ॅस्टन व्हिला, तोही व्हिला पार्कवर.

11 डिसेंबर 1999 ला सामना झाला. मध्यंतराच्या तोंडावर बेनितो कार्बोनेने पहिला गोल केला, दुसऱ्या सत्रात डिऑन डब्लिनने दुसरा. मग पॉल हेकिंगबॉटमने डार्लिंग्टनसाठी एक परत केला आणि शेवटची वीसेक मिनिटं व्हिलाला सुखाची गेली नाहीत. 2-1. नुसती जागा भरायला आणलेल्या संघाने प्रीमियर लीगच्या संघाला एका गोलच्या फरकावर ठेवलं, याहून त्या पद्धतीचं समर्थन काय करायचं? पुढे चाल दिली असती तर हा सामनाच झाला नसता.

डिसेंबरातली तिसरी फेरी

भोक बुजलं. वेळापत्रकाचं काय? तिसरी फेरी म्हणजे जानेवारीचा पहिला शनिवार-रविवार, हे इंग्लंडमध्ये सणवारासारखं पक्कं. त्या हंगामात ती नाताळच्या आधी आणली गेली, 11 डिसेंबरला. लोक खरेदीत गुंतलेले, खिशाला नाताळची कात्री, त्यामुळे अनेक मैदानांवर प्रेक्षक रोडावले.

पुढच्या तारखा एका ओळीत मांडल्या की बिघाड दिसतो. तिसरी फेरी 11 डिसेंबर, चौथी 8 जानेवारी, पाचवी 29 जानेवारी, उपांत्यपूर्व 19 आणि 20 फेब्रुवारी. इथवर साधारण तीन-चार आठवड्यांचं अंतर. मग उपांत्य सामने 2 आणि 9 एप्रिल, अंतिम 20 मे. म्हणजे 20 फेब्रुवारीनंतर पुढचे 41 दिवस कपचा एकही सामना नाही, आणि दुसऱ्या उपांत्य सामन्यानंतर पुन्हा 40 दिवस शुकशुकाट. पहिल्या अर्ध्यात दाटी, दुसऱ्या अर्ध्यात रिकामं मैदान. बाद स्पर्धेत रंगत चढते ती शेवटाकडे, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर लोकांना कप चालू आहे याचा विसर पडावा अशी ही आखणी.

आणखी एक विसंगती. युनायटेडचे ब्राझीलमधले सामने 6, 8 आणि 11 जानेवारीला होते. तिसरी फेरी डिसेंबरात गेल्यावर तिचा ब्राझीलशी संबंधच उरला नव्हता. अडचण होती ती फक्त चौथ्या फेरीची, जी 8 जानेवारीला, ब्राझीलच्या वास्को द गामा क्लबविरुद्धच्या सामन्याच्याच दिवशी पडली. फेरसामन्यांसाठी तारखा पुढे सरकवण्याची सवय असलेल्या स्पर्धेला एक सामना दहा-बारा दिवस लांबवणं जड नव्हतं. गाडं अडलं ते तारखेवर नाही.

सामन्यांचा भार हे कारण तपासायचं तर लेस्टर सिटीकडे पाहावं. लेस्टर 9 जानेवारीला आर्सेनलशी 0-0, 12 ला लीग कपात (इंग्लंडची दुसरी बाद स्पर्धा) फुलहॅमशी टायब्रेकर, 19 ला आर्सेनलशी फेरसामना तोही 0-0 आणि टायब्रेकर, 25 ला लीग कपची उपांत्य फेरी व्हिलाशी, 30 ला चेल्सीशी एफए कपची पाचवी फेरी, 2 फेब्रुवारीला पुन्हा व्हिला. 25 दिवसांत कपचेच सहा सामने, लीगचे वेगळे. खेळाडू युनायटेडपेक्षा कमी, तरी लेस्टरने त्यातला लीग कप जिंकला. युनायटेडने मात्र डिसेंबरअखेर ते 24 जानेवारी एकही लीग सामना न खेळता, परत येऊन 91 गुणांनी लीग घेतली, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा 18 गुण जास्त.

बाकीची दोन भगदाडं

दुसरं प्रकरण एफए कपचं नाही, लीग कपचं आहे, पण तुलनेसाठी याहून चांगलं मिळणार नाही. डिसेंबर 1999, उपांत्यपूर्व सामना, वेस्ट हॅम विरुद्ध तोच अ‍ॅस्टन व्हिला. वेस्ट हॅम टायब्रेकरवर जिंकला. मग लक्षात आलं की जादा वेळेत शेवटच्या काही मिनिटांसाठी उतरवलेला मॅनी ओमोयिन्मी त्याच हंगामात, त्याच स्पर्धेत, उसना म्हणून जिलिंगहॅमकडून खेळून आला होता. नियमाने तो दुसऱ्या क्लबकडून खेळूच शकत नव्हता. त्याने निकाल फिरवला असं कोणी म्हटलं नाही, चेंडूला पाय किती वेळा लागला हा मुद्दाच नाही. सामना पुन्हा खेळवण्याचा आदेश निघाला. 11 जानेवारीला व्हिलाने जादा वेळेत 3-1 ने तो घेतला आणि वेस्ट हॅमच्या कार्यालयात राजीनामे पडले.

ही चूक मैदानातली नाही, कार्यालयातली. उसना गेलेला खेळाडू परत आला की त्याच्या नावापुढे दोन रकाने भरायचे असतात: तिकडे कोणत्या कपमध्ये खेळला, आणि कोणत्या तारखेला. संघयादी देणाऱ्याने ते पाहायचे. खेळाडूला विचारून भागत नाही, त्याला नियम माहीत असेलच असं नाही. इथे दुरुस्ती महाग पडली, पण शक्य होती, कारण पुढच्या फेरीआधी मोकळा आठवडा मिळाला.

तिसऱ्याला तेवढाही वेळ नव्हता. 8 जानेवारी 2000, एफए कपची चौथी फेरी, ट्रॅनमिअरचं मैदान प्रेंटन पार्क. फर्स्ट डिव्हिजनमधला ट्रॅनमिअर रोव्हर्स प्रीमियर लीगच्या संडरलँडविरुद्ध 1-0 ने पुढे, गोल वेन अ‍ॅलिसनचा. सामना संपत आलेला. ट्रॅनमिअरच्या क्लिंट हिलला लाल कार्ड मिळालं. त्याच सुमारास बदली खेळाडू स्टीव्हन फ्रेल रेषेजवळ तयार होता. हिल बाहेर गेला, फ्रेल आत आला, आणि दुसरं कोणीच बाहेर गेलं नाही. दहांच्या जागी अकरा. मध्ये एक फ्री किक झाली, चेंडू परतवणाऱ्यांत फ्रेलही होता. मग चूक लक्षात आली.

चुकीची रचना पाहा. बदली खेळाडू आत सोडण्याआधी पंच एकच गोष्ट तपासतो: कोणी बाहेर गेलं का? गेलं होतं. फक्त ते लाल कार्डाने गेलं होतं. दोन वेगळ्या घटना एकाच क्षणी घडल्या आणि एकीचं उत्तर दुसरीच्या रकान्यात पडलं. यावर उपाय साधा आहे. लाल कार्डानंतर पहिला बदल करताना नंबराच्या पाटीपेक्षा डोकी मोजावीत. आपल्याकडच्या मैदानी स्पर्धांमध्येही चौथा पंच म्हणून कोणा नवख्याला बसवतात, त्याला हे एक वाक्य सांगून ठेवलं तरी पुष्कळ.

संडरलँडने तक्रार केली. एफएने निकाल कायम ठेवला. अनेकांना हे खटकलं, कारण जेमतेम वर्षापूर्वी, फेब्रुवारी 1999 मध्ये, आर्सेनलने शेफील्ड युनायटेडला जिंकलेला सामना स्वतः होऊन पुन्हा खेळू असं म्हटलं होतं. जखमी खेळाडूसाठी बाहेर मारलेला चेंडू परत न देता त्यावर गोल झाला होता. तो सामना पुन्हा झालाही. पण तिथे दोन्ही क्लब राजी होते. ट्रॅनमिअरला तसं काही सुचवण्याचं कारण नव्हतं, आणि जादा खेळाडू काही क्षणच मैदानात होता. नियमाचा भंग ओमोयिन्मीच्या प्रकरणापेक्षा उघड, हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर झालेला, तरी शिक्षा उलटी. अपात्र खेळाडूची चूक क्लबची असते, म्हणून क्लबला भरायला लावता येतं. इथे चूक पंचांची, मग ट्रॅनमिअरकडून विजय कसा काढून घेणार? हा फरक कागदावर पटतो. संडरलँडच्या पाठीराख्याला पटवायला मात्र कठीण. ट्रॅनमिअर पुढे फुलहॅमला हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि न्यूकॅसलकडून 2-3 असा हरला.

पुढे काय झालं

डार्लिंग्टनला हरवलेला व्हिला साउदम्प्टन, लीड्स आणि एव्हर्टनला काढत उपांत्य फेरीत आला. त्या वर्षापासून उपांत्य सामन्याला फेरसामना बंद झाला होता, त्यामुळे वेम्बलीवर बोल्टनशी 0-0 झाल्यावर थेट टायब्रेकर. व्हिलाचा गोलरक्षक डेव्हिड जेम्सने दोन फटके अडवले आणि निर्णायक फटका मारला तो डब्लिनने. डिसेंबरात डार्लिंग्टनविरुद्धच्या गोलनंतर आठवड्याभरात त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या उपांत्य सामन्यात गुस्ताव्हो पोयेतच्या दोन गोलांवर चेल्सीने न्यूकॅसलला 2-1 ने हरवलं.

20 मे 2000 चा अंतिम सामना हा जुन्या वेम्बलीवरचा कपचा शेवटचा, आणि खेळ म्हणून कंटाळवाणा. 73 व्या मिनिटाला चेल्सीच्या झोलाची फ्री किक जेम्सच्या हातून सुटली, व्हिलाच्याच साउथगेटच्या अंगाला लागून समोर पडली आणि दि मातेओने जवळून ती जाळ्यात मारली. चेल्सी 1-0.

ब्राझीलला गेलेल्या युनायटेडने नेकाक्साशी बरोबरी केली, वास्कोकडून 1-3 ने मार खाल्ला, साउथ मेलबर्नला हरवलं आणि गटातच आटोपलं. आणि ज्यासाठी हा खटाटोप झाला तो 2006 चा विश्वचषक? 6 जुलै 2000 ला झुरिकमध्ये मतदान झालं. पहिल्या फेरीत इंग्लंडला पाच मतं, दुसरीत दोन, आणि बाहेर. यजमानपद जर्मनीने 12 विरुद्ध 11 ने दक्षिण आफ्रिकेकडून खेचलं.

पुढच्या हंगामात तिसरी फेरी जानेवारीत परत गेली. युनायटेडही परतला, फुलहॅमला हरवून चौथ्या फेरीत पोहोचला आणि ओल्ड ट्रॅफर्डवर दि कॅनियोच्या एका गोलने वेस्ट हॅमकडून बाद झाला. सामन्यांच्या दाटीवर पुढे निघालेला उपाय वेगळाच होता: 2024-25 पासून पहिल्या फेरीपासूनचे फेरसामनेच बंद झाले. तेव्हा सर्वांत मोठा आवाज उठला तो खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांकडून, कारण मोठ्या मैदानावरच्या फेरसामन्याचे पैसे बुडणार होते ते त्यांचे.